लेटरकेनीचे आडनाव आणि त्र्यंबकची वही

आमचे जावई आयर्लंडच्या वायव्येकडील डोनेगल काउंटीचे. त्यांचे आडनाव गॅलहर. इंग्रजीत ते लिहिताना मध्ये 'जी' आणि 'एच' ही दोन्ही अक्षरे येतात, पण तिकडची माणसे त्या 'जी'चा उच्चार करीत नाहीत. लग्नानंतर ते पहिल्यांदा ठाण्याला आले, तेव्हा नौपाड्यातल्या आमच्या बैठकीत माझ्या थोरल्या जाऊबाईंनी त्यांना तोच प्रश्न विचारला, जो त्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात : "तुम्ही मूळचे कुठले?" लेकीने प्रश्न इंग्रजीत सांगितला आणि जावई पंधरा-वीस मिनिटे बोलत राहिले. आपले कूळ, आपला पूर्वज, आपली वाडी, एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळात कोण अमेरिकेला गेले आणि कोण मागे राहिले, हे सारे त्यांनी इतक्या आत्मीयतेने सांगितले, की जाऊबाई मला आत येऊन म्हणाल्या, "हा तर आपल्यातलाच निघाला."

त्या दिवसापासून आयरिश आडनावांविषयी मी मिळेल ते वाचत आले. निवृत्तीनंतर मी मोडी लिपी शिकले आणि जुने कागद वाचण्याची सवय लागली, तेव्हा हा विषय मला फार परका वाटला नाही. गेल्या दोन वर्षांत जावयांच्या घराण्याचा शोध डीएनए चाचणीच्या मार्गाने पुढे गेला आणि त्यात माझाही थोडा हात लागला. ती हकीकत त्या घराच्या परवानगीने येथे लिहीत आहे.

आधी आडनावांविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या कोकणात गावावरून आडनाव पडते. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, म्हणून आडनाव वराडकर. हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. आयर्लंडमध्ये मात्र आडनाव पूर्वजाच्या नावावरून पडते. 'मॅक' म्हणजे मुलगा आणि 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. ब्रायन बोरू हा राजा १०१४ साली क्लॉनटार्फच्या लढाईत मारला गेला. त्याचे वंशज ते ओब्रायन. वंशपरंपरेने चालणारी आडनावे युरोपात सर्वांत आधी जेथे रुजली त्या देशांत आयर्लंडची गणना होते, कारण तेथे ही पद्धत दहाव्या-अकराव्या शतकापासून आहे. 'क्लॅन' हा शब्ददेखील आयरिश भाषेतलाच असून त्याचा मूळ अर्थ लेकरे, संतती असा आहे. गॅलहर हे 'ओ गाल्खोर' या नावाचे इंग्रजी वळण आहे. त्या मूळ नावाच्या घटकांचा अर्थ 'परकी मदत' असा लावतात, आणि डोनेगलच्या ओडॉनेल राजघराण्याच्या सैन्याचे नेतृत्व या कुळाकडे असे. जुन्या वंशावळींप्रमाणे हे सर्व लोक 'नऊ ओलिसांचा नायल' या चौथ्या-पाचव्या शतकातल्या, अर्ध्या इतिहासातल्या आणि अर्ध्या दंतकथेतल्या राजाचे वंशज ठरतात.

डीएनए चाचणीचा उपयोग होतो तो येथे. पुरुषाच्या पेशीत असणारे वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते, आणि आयरिश आडनावही बापाकडूनच मुलाकडे जाते. म्हणजे हजार वर्षे दोन्ही गोष्टी एकाच वाटेने चालत आल्या असल्या पाहिजेत. या गुणसूत्रात कधीतरी एखाद्या अक्षराचा, म्हणजे डीएनएच्या एका घटकाचा, बदल होतो आणि तो पुढच्या सर्व मुलग्यांत, नातवांत, पणतूंत कायम राहतो. असे बदल क्रमाने लावले की वृक्षाच्या फांद्या दिसू लागतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले, की वायव्य आयर्लंडमधल्या सुमारे पाचांपैकी एका पुरुषात, आणि सबंध आयर्लंडमध्ये बारांपैकी एका पुरुषात, एकाच पूर्वजाकडे बोट दाखवणारी एक खूण आहे. ही खूण आज 'एम२२२' या नावाने ओळखली जाते. गॅलहर, बॉइल, डोहर्टी, ओडॉनेल या आडनावांत ती ठळकपणे आढळते. एका माणसाचा इतका वंशविस्तार कसा होतो, याचे उत्तर त्या समाजाच्या रीतीत आहे. १४२३ साली मरण पावलेल्या टर्लो ओडॉनेल या सरदाराला दहा स्त्रियांपासून अठरा मुलगे झाले आणि मुलग्यांकडून एकोणसाठ नातू, अशी नोंद आहे. जुन्या आयरिश कायद्यात विवाहाबाहेरच्या मुलांनाही कुळात स्थान होते.

त्या वेळी वर्तमानपत्रांनी 'नायलचे गुणसूत्र सापडले' अशा बातम्या दिल्या आणि ती समजूत अजून टिकून आहे. मला ती मान्य नाही. पुढच्या अभ्यासांत एम२२२ हा बदल नायलच्याही आधीच्या काळातला ठरला, आणि तो स्कॉटलंडच्या दक्षिणेत व उत्तर इंग्लंडमध्येही आढळतो. ही खूण असलेला प्रत्येक माणूस नायलचा वंशज आहे, असे म्हणता येत नाही. तो त्या मोठ्या फांदीवरचा आहे, एवढेच म्हणता येते. त्याहून वरवरची चाचणी केली तर तिचे उत्तर आडनावाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असते. उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिमच्या किनाऱ्यासमोरच्या रॅथलिन बेटावर एका पबच्या मागे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे सांगाडे सापडले. त्यांच्यातही आजच्या बहुसंख्य आयरिश पुरुषांत असणारीच मोठी शाखा निघाली. आडनावाचे वय हजार वर्षांचे आणि शाखेचे त्याच्या चौपट, मग त्या शाखेवरून आडनाव कसे सांगणार? म्हणून ज्यांना कूळ शोधायचे आहे, त्यांनी वाय गुणसूत्रावरच्या १११ जागांची तरी तुलना करणारी, किंवा त्या गुणसूत्राचे सविस्तर वाचन करणारी चाचणी घ्यावी. जाहिरातीत दिसणारी, 'तुम्ही इतके टक्के आयरिश' असे सांगणारी चाचणी वेगळी. ती आई-वडील दोन्हींकडच्या गुणसूत्रांची सरमिसळ मोजते. चार-पाच पिढ्यांतली भावंडे, चुलत-मावस नातेवाईक शोधायला ती उत्तम आहे, पण प्रत्येक पिढीत वारसा निम्मा होत जात असल्याने चवथ्या पिढीपलीकडच्या चुलत भावंडांत ती काही दाखवील याची खात्री नसते.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मी लेकीच्या घरी, डोनेगलमधल्या लेटरकेनीला होते. रात्री दहा वाजून गेले तरी बाहेर उजेड होता. जावई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते आणि सात वर्षांची नात त्यांच्यासमोर घड्याळ धरून उभी होती. त्यांनी पाकिटातली बारीक कांडी गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू घासली, नातीने "झालं!" म्हणेपर्यंत थांबले नाहीत, मग तिचे टोक द्रवाच्या छोट्या कुपीत सोडून झाकण घट्ट लावले. नातीने विचारले, "आता आपण राजाचे आहोत का, ते कळेल?" व्याही शेजारीच होते. त्यांनी तिला मांडीवर घेऊन सांगितले, "ते आपल्याला माहीतच आहे. आता कागदावर येईल."

निकाल आला तोपर्यंत मी ठाण्याला परतले होते. जावयांमध्ये एम२२२ नव्हते.

व्याह्यांचे वय शहात्तर. लेकीने सांगितले, की ते दोन दिवस कोणाशी फारसे बोलले नाहीत. ही गोष्ट मी हलक्याने घेऊ शकत नाही. माणूस सत्तर वर्षे ज्या नावाखाली उभा राहिला, ते नाव आपले नाही असे एक पत्रक सांगते, तेव्हा त्याला जे वाटते ते खरे दुःख असते. मी त्यांना व्हिडिओ कॉलवर राजर्षी शाहू महाराजांची हकीकत सांगितली. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेला मुलगा १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला. तो छत्रपती झाला आणि त्याच्या छत्रपती असण्याविषयी महाराष्ट्रात कोणाच्या मनात शंका नाही. वाय गुणसूत्राची चाचणी केली असती तर ती घाटग्यांची वाट दाखवती. चाचणी खोटी ठरली नसती आणि महाराजही खोटे ठरले नसते. दत्तकविधान हा शब्द समजावून सांगायला मला वेळ लागला, कारण त्यांच्याकडे असा विधी नाही; पण तात्पर्य त्यांना पोहोचले.

आडनावाची आणि गुणसूत्राची वाट वेगळी होण्याची कारणे पुष्कळ असतात. आई विधवा झाली आणि पुन्हा लग्न झाले, तर मूल सावत्र वडिलांचे नाव लावते. लग्नाआधी झालेले मूल आजोळी वाढले, तर आजोळचे नाव लागते. कधी कुळे आपल्या सरदाराचेच नाव घेत. युरोपातल्या निरनिराळ्या अभ्यासांत असे प्रमाण दर पिढीला साधारण एक टक्का आढळले आहे. एक टक्का म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण हजार वर्षांत सुमारे तीस पिढ्या होतात, आणि तीस वेळा एक-एक टक्का धरला की चारांपैकी जवळपास एका घराची साखळी कोठेतरी तुटलेली निघते. हा हिशेब मी वहीत मांडून व्याह्यांना दाखवला. आयर्लंडमध्ये त्यात आणखी एक गुंता आहे. इंग्रजी अमलात अनेकांनी 'ओ' आणि 'मॅक' गाळले, काहींनी नावाचे सरळ भाषांतर केले. कॅव्हन काउंटीतल्या कित्येक स्मिथ घराण्यांचे मूळ नाव लोहार या अर्थाचे आयरिश नाव आहे. मर्फी हे तर तिथले सर्वांत प्रचलित आडनाव, पण ते वेगवेगळ्या प्रांतांत स्वतंत्रपणे पडले, त्यामुळे दोन मर्फी भाऊबंद असतीलच असे नाही. आपल्या ठाण्याच्या जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांत पोर्तुगीज काळात बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली एकच आडनावे रक्ताचे नाते नसलेल्या घरांत चालत आली आहेत. ती घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे लगेच कळेल.

चाचणीच्या निकालात आणखी एक गोष्ट होती. १११ जागांच्या तुलनेत जावयांच्या अगदी जवळ आलेल्या दोन पुरुषांचे आडनाव वॉर्ड होते. दोघेही अमेरिकेतले आणि दोघांचे पणजे डोनेगलमधून गेलेले. मी जावयांना विचारले, की त्यांच्या पणजोबांची जन्मनोंद कोठे आहे. ते म्हणाले, ती मिळालीच नाही, १९२२ च्या आगीत गेली असावी. डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातले सार्वजनिक अभिलेखागार यादवी युद्धात जळाले आणि शेकडो वर्षांचे कागद राख झाले, हे खरे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जनगणना बहुतांश तेथेच गेल्या. पण १८६४ पासूनची जन्म-मृत्यूची सरकारी नोंद त्या इमारतीत नव्हती. ती शाबूत आहे आणि जुन्या नोंदी आता इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. तेव्हा १८९२ चा जन्म सापडत नाही याचा अर्थ एकच होता : आपण चुकीच्या आडनावाखाली शोधत होतो.

१९०१ आणि १९११ या दोन जनगणनांचे मूळ तक्ते आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने सर्वांसाठी खुले केले आहेत. एका रविवारी सकाळी मी १९११ चा तक्ता संगणकावर मोठा करून ओळीने वाचला. कुटुंबप्रमुखाशी नाते, धर्म, शिक्षण, वय, व्यवसाय, जन्मस्थान, आयरिश भाषा येते की नाही, असे रकाने होते, आणि त्या वर्षी विवाहित स्त्रियांसाठी काही नवे रकाने होते, त्यांतला एक : विवाहाला किती वर्षे झाली. पणजोबांच्या आईपुढे काळ्या शाईत १३ लिहिले होते. त्याच तक्त्यात पणजोबा 'मुलगा' म्हणून नोंदवलेले होते आणि त्यांचे वय होते १९.

मी पुन्हा पुन्हा तो आकडा पाहिला, कारण जुन्या हस्ताक्षरात ३ आणि ८ यांचा घोळ होतो. तो ३ च होता, म्हणजे लग्न झाले तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. घरातल्यांनी १९०१ चे जे पान आपले मानले होते, ते त्याच वाडीतल्या दुसऱ्याच गॅलहर कुटुंबाचे होते. त्या एका वाडीत गॅलहरांची अनेक घरे आणि त्यांतली निम्मी नावे सारखी. तिकडेही आपल्यासारखेच 'वरच्या घरचे', 'खालच्या घरचे' असे चालते. बापाचे आणि आजाचे नाव जोडून किंवा केसांच्या रंगावरून माणूस ओळखतात, आडनाव कोणी घेत नाही, कारण ते सर्वांचे एकच. जावयांनी शेजारचे पान उघडले. तेथे तीच आई, तोच कुटुंबप्रमुख, आणि खाली नऊ वर्षांचा मुलगा : आडनाव वॉर्ड, नाते सावत्र मुलगा. मग १८९२ ची जन्मनोंद वॉर्ड या नावाखाली दहा मिनिटांत मिळाली आणि त्या बापाच्या मृत्यूची नोंदही, मूल चार वर्षांचे असतानाची.

वॉर्ड हे 'मॅक अन वार्ड' या आयरिश नावाचे इंग्रजी रूप आहे. त्याचा अर्थ कवीचा मुलगा. डोनेगलचे हे घराणे ओडॉनेल सरदारांचे वंशपरंपरागत कवी होते, आणि त्या समाजात कवीचे काम केवळ स्तुती करण्याचे नव्हते. सरदाराची वंशावळ मुखोद्गत ठेवणे आणि प्रसंगी ती म्हणून दाखवणे हेही त्याचेच काम. आपल्याकडे हेळवी गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी राखतात, त्या प्रकारचे हे ज्ञान. डोनेगलमध्ये त्यांच्या नावाचे गावच आहे, लेटरमॅकवॉर्ड, म्हणजे कवीच्या मुलाचा डोंगरउतार. वराडने वराडकरांना नाव दिले. येथे आडनावाने गावाला नाव दिले आहे.

व्याह्यांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, की त्यांचे आजोबा दर नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या महिन्यात, घरच्या कबरीवर प्रार्थना झाल्यावर एकटेच सायकलवरून दूरच्या एका दफनभूमीत जात. कोणाच्या कबरीवर जातात ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि मुलांनी कधी विचारले नाही. गेल्या नोव्हेंबरात व्याही तेथे जाऊन आले. आडनाव त्यांनी गॅलहरच ठेवले आहे आणि ते योग्यच आहे. ज्याने नऊ वर्षांच्या परक्या मुलाला दहा वर्षांत 'सावत्र'चा 'मुलगा' करून आपल्या हाताने तक्त्यात लिहिले, त्याचे ते नाव आहे.

ज्यांना अशी चाचणी करून घ्यायची आहे, त्यांना एवढेच सांगेन, की घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा. एकाचा निकाल हा साऱ्या भाऊबंदांचा निकाल असतो. जावयांच्या थोरल्या काकांना हे नको होते आणि त्यांच्याशी आधी बोलणे झाले नाही, याची रुखरुख जावयांना आजही आहे. शिवाय आपली माहिती कोणाच्या हाती जाते याचाही विचार करावा. २०२३ साली अशा एका मोठ्या कंपनीकडील सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर फुटली होती.

या साऱ्यात नातीचा प्रश्न मात्र राहून गेला होता. गेल्या डिसेंबरात ती ठाण्याला आली तेव्हा तलावपाळीला फेरी मारताना तिने मला विचारले, "आजी, मी गॅलहर की वॉर्ड?" मी तिला सांगितले, की ते गुणसूत्र मुलींकडे येतच नाही. तिला वाईट वाटले. मग मी तिला दुसऱ्या वाटेविषयी सांगितले. आईकडून मुला-मुलींना आणि पुढे फक्त मुलींच्या मार्फत जाणारा एक डीएनए असतो, पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा. तो तिला तिच्या आईकडून आला, तिच्या आईला माझ्याकडून, मला माझ्या आईकडून. म्हणजे लेटरकेनीच्या शाळेत जाणाऱ्या या मुलीत तो डीएनए जसाच्या तसा कोकणातला आहे, आणि डोनेगलच्या कोणत्याही वंशावळीत त्याची नोंद नाही.

आमच्याही नाही. काही वर्षांपूर्वी भावाबरोबर मी त्र्यंबकेश्वरला आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेले होते. त्यांनी गावाचे नाव विचारून लांबट, कापडात बांधलेली वही काढली आणि खापरपणजोबांची मोडीतली सही माझ्यापुढे ठेवली. मी ती स्वतः वाचली, तो आनंद सांगता येणार नाही. सात पिढ्यांचे पुरुष त्या पानांवर होते. आमच्या घराण्याच्या त्या पानांवर स्त्रीचे नाव एकही नव्हते. आईच्या बाजूने शोध घ्यायचा तर आणखी अडचण अशी, की लग्नात मुलीचे आडनाव तर बदलतेच, पण आपल्याकडे तिचे स्वतःचे नावही बदलत असत.

नातीने तिच्या चित्रकलेच्या वहीत एक झाड काढले आणि बुंध्याशी आपले नाव लिहिले. त्यावर तिची आई, मी, माझी आई, माझी आजी. आजीच्या आईपाशी आम्ही अडलो. मग दोघी कळव्याला माझ्या मावशीकडे गेलो. ती एक्क्याण्णव वर्षांची आहे. तिला तिच्या आजीचे, म्हणजे माझ्या आजीच्या आईचे, सासरचे नाव लगेच आठवले. माहेरचे आठवायला दुपारचा चहा होईपर्यंत वेळ लागला. तिने सांगितलेले नाव मी झाडावर देवनागरीत लिहिले आणि त्याच्या खाली नातीने, एकेक अक्षर मला विचारून, तिच्या रोमन लिपीत.